हक्काची भरपाई की खैरात?

दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास वर्तमानपत्रांत जागतिक हवामान परिषदेच्या बातम्या येऊ लागतात. कधी ग्लासगो, कधी शर्म अल-शेख, कधी दुबई, कधी बाकू. देशोदेशीचे झेंडे, पुढाऱ्यांची भाषणे, शेवटच्या रात्रीची ओढाताण. आपण मथळा वाचतो आणि पान उलटतो. मोठ्या देशांच्या राजकारणाशी आपला काय संबंध, असे वाटते. भूगोलाच्या तासाला आमच्या वर्गातली मुलेही नेमके हेच विचारतात.

पण या परिषदांत गेली तीसहून अधिक वर्षे ज्या प्रश्नावर भांडण चालू आहे, तो कोणत्याही घरात कळण्यासारखा आहे. धूर एकाने केला आणि घर दुसऱ्याचे वाहून गेले, तर भरपाई कोणी द्यायची? आणि ती हक्क म्हणून द्यायची की खैरात म्हणून? या महिन्यात आम्ही एवढाच एक प्रश्न घेतला आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

हवामान बदलाबद्दल बोलताना तीन कामांची सरमिसळ होते. पहिले काम म्हणजे कोळसा, तेल आणि वायू जाळणे कमी करून तापमानवाढ रोखणे. दुसरे म्हणजे येणाऱ्या संकटाची तयारी करणे. बंधारे बांधणे, चक्रीवादळाची सूचना वेळेवर पोहोचवणे, निवारे उभारणे ही सारी तयारीची कामे. तिसरी गोष्ट यांच्या पलीकडची आहे. रोखूनही थांबले नाही, तयारी करूनही टळले नाही असे जे नुकसान होते, त्याचे काय?

कोकणातल्या वाचकांना हे लगेच उमगेल. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. सूचना आधी मिळाली होती, लोकांना हलवले होते, त्यामुळे पुष्कळ जीव वाचले. पण श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. पोफळीचे नवे रोप लावले तरी उत्पन्न हाती यायला कित्येक वर्षे जातात. अशा वेळी आपल्याकडे पंचनामा होतो आणि सरकार भरपाई जाहीर करते. ती पुरते की नाही हा वेगळा प्रश्न. पण भरपाई मागणाऱ्याला कोणी भिकारी म्हणत नाही.

एखाद्या वादळाचे सारे खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही, हे खरे. पण अरबी समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि तापलेले पाणी वादळांना बळ देते, एवढे विज्ञानाने दाखवून दिले आहे. आता हाच पंचनामा साऱ्या जगाचा करायचा म्हटले तर तलाठी कोण आणि पैसे देणारा कोण? सारा वाद इथे आहे.

वानुआतूने मागितले, कोणी ऐकले नाही

प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा एक छोटा बेटांचा देश आहे. 1991 मध्ये हवामानविषयक जागतिक कराराचा मसुदा तयार होत होता. तेव्हा छोट्या बेटराष्ट्रांच्या वतीने वानुआतूने एक साधी सूचना मांडली. समुद्राची पातळी वाढून आमची जमीन गेली, तर भरपाई देण्यासाठी विम्यासारखा एक निधी असावा आणि त्यात श्रीमंत देशांनी पैसे घालावेत. ती मान्य झाली नाही.

1992 मध्ये रिओ येथे करार झाला. जबाबदारी सर्वांची आहे, पण सर्वांची सारखी नाही, हे तत्त्व त्यात आले. ते योग्यच होते. औद्योगिक क्रांतीपासून आजवर हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताची लोकसंख्या अमेरिकेच्या चौपटीहून जास्त असूनही त्याचा वाटा त्या मानाने फारच थोडा आहे. मात्र तत्त्व लिहिले गेले तरी नुकसानभरपाई बाहेरच राहिली.

पुढची वीस वर्षे हा विषय मागे ढकलला जात राहिला. ऑक्टोबर 2009 मध्ये मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी समुद्राच्या तळाशी, पाणबुड्याच्या पोशाखात मंत्रिमंडळाची बैठक घेतली. जगाने छायाचित्रे पाहिली, कौतुकही केले. त्याच वर्षी कोपनहेगन येथे श्रीमंत देशांनी 2020 पर्यंत वर्षाला 10,000 कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते वचन पुरे झाले 2022 मध्ये, तेही मुख्यतः कर्जाच्या रूपाने. शिवाय तो पैसा धूर कमी करण्यासाठी आणि तयारीसाठी होता. बुडालेल्या घरासाठी नव्हताच.

एका कलमाची किंमत

2013 मध्ये वॉर्सा परिषदेच्या तोंडावर हैयान वादळाने फिलिपिन्समध्ये सहा हजारांहून अधिक माणसे मारली. त्या देशाचे प्रतिनिधी येब सान्यो यांनी परिषद चालू असताना उपवास धरला. त्या परिषदेत 'हानी आणि नुकसान' या विषयासाठी एक यंत्रणा स्थापन झाली. यंत्रणा म्हणजे अभ्यास, बैठका आणि अहवाल. पैसा नाही.

2015 च्या पॅरिस कराराच्या आठव्या कलमात हा विषय प्रथमच स्वतंत्रपणे आला. पण करारासोबतच्या निर्णयात एक वाक्य घालण्यात आले. या कलमाच्या आधारे कोणावरही दायित्व येणार नाही आणि भरपाईचा दावा करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. अमेरिकेला आणि इतर श्रीमंत देशांना हेच हवे होते. मदत मागा, विचार करू. हक्क सांगू नका.

हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण तसा तो नाही. हक्काची रक्कम थकली तर तिची मागणी करता येते, हिशेब विचारता येतो. मदतीचे तसे नसते. देणाऱ्याच्या मनाला येईल तेव्हा आणि तेवढी ती मिळते. सरकार बदलले की थांबते.

सिंधचा पूर आणि शर्म अल-शेखची रात्र

2022 च्या पावसाळ्यात पाकिस्तानात महापूर आला. सिंध आणि बलुचिस्तानात ऑगस्टमध्ये नेहमीच्या कित्येक पटींनी पाऊस पडला. 1,700 हून अधिक माणसे दगावली. 3 कोटी 30 लाख लोकांना, म्हणजे देशातल्या सात माणसांमागे एकाला, झळ पोहोचली. कापूस गेला, गुरे गेली, शाळा पडल्या. मालमत्तेची हानी आणि आर्थिक तोटा मिळून 3,000 कोटी डॉलरवर गेला. जगातल्या उत्सर्जनात पाकिस्तानचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे.

योगायोग असा की त्या वर्षी विकसनशील देशांच्या 'जी-77 आणि चीन' या गटाचे नेतृत्व पाकिस्तानकडे होते. नोव्हेंबरमध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेख येथे परिषद भरली, तेव्हा मंत्री शेरी रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न सोडला नाही. गट फुटला नाही. परिषद 18 नोव्हेंबरला संपायची होती, ती 20 नोव्हेंबरच्या पहाटेपर्यंत चालली. शेवटी युरोपीय देश नमले, पाठोपाठ अमेरिकाही नमली. हानी आणि नुकसान यासाठी निधी स्थापन करण्याचे ठरले. वानुआतूच्या मागणीला तोवर 31 वर्षे झाली होती.

या लढ्यात एक नाव आवर्जून घ्यायला हवे. बांगलादेशाचे शास्त्रज्ञ मरहूम सलीमुल हक पहिल्या परिषदेपासून प्रत्येक परिषदेला हजर राहिले. गरीब देशांच्या प्रतिनिधींना ते मुद्दे समजावून देत, आकडे पुरवत, धीर देत. ऑक्टोबर 2023 मध्ये ढाक्यात त्यांचे निधन झाले. महिनाभराने दुबईत निधी प्रत्यक्ष सुरू झाला, तेव्हा ते पाहायला नव्हते.

तिजोरी उघडली, आत काय?

दुबईच्या परिषदेत पहिल्याच दिवशी निधी कार्यान्वित झाला. संयुक्त अरब अमिरात आणि जर्मनी यांनी प्रत्येकी 10 कोटी डॉलर जाहीर केले. इतरांनीही भर घातली. जगातल्या सर्वांत श्रीमंत अमेरिकेने जाहीर केले 1 कोटी 75 लाख डॉलर. पुढच्या दोन वर्षांतही एकूण वचने 80 कोटी डॉलरच्या आसपासच घुटमळली आणि प्रत्यक्ष जमा रक्कम त्याहून बरीच कमी राहिली. एका पुरात एका देशाचे 3,000 कोटींचे नुकसान आणि साऱ्या जगाच्या नुकसानीसाठी 80 कोटींची वचने. आमच्या पाचवीच्या मुलांनाही हे गणित सुटते.

मार्च 2025 मध्ये अमेरिका या निधीच्या मंडळातून बाहेर पडली. मदत आणि हक्क यांतला फरक वर सांगितला, तो इथे स्पष्ट दिसतो.

पाकिस्तानच्या पदरात काय पडले तेही पाहा. जानेवारी 2023 मध्ये जिनिव्हा येथे पुनर्उभारणीसाठी 900 कोटी डॉलरहून अधिक रकमेची वचने मिळाली. त्यातला फार मोठा भाग कर्ज होता. ज्याचे घर बुडाले त्याला घर बांधायला कर्ज द्यायचे आणि वर व्याज लावायचे, याला मदत म्हणावे का, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. नव्या निधीने पहिल्या टप्प्यासाठी 25 कोटी डॉलर बाजूला काढले आहेत आणि ते कर्ज नसून अनुदान असेल असे ठरवले आहे. रक्कम लहान असली तरी पद्धत बरोबर आहे.

आपले, परके आणि हिशेब

ही गोष्ट 'गोरे विरुद्ध काळे' किंवा 'ते विरुद्ध आपण' अशी सरळ नाही. मालदीव, बांगलादेश आणि पाकिस्तान नुकसान सोसणाऱ्यांत आहेत. सौदी अरेबिया, कतार, कुवेत तेल विकणाऱ्यांत आहेत. दुबईत खनिज इंधनापासून दूर जाण्याची भाषा करारात येऊ लागली, तेव्हा तेल उत्पादक देशांची संघटना ओपेक हिने सदस्यांना ती रोखण्याचे आवाहन केले होते. 1992 च्या यादीत हे देश विकसनशील म्हणून नोंदले गेले, त्यामुळे पैसे देण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. ढाक्याच्या झोपडीत पाणी शिरते तेव्हा ते तेल कोणत्या देशाचे होते हे पाहून शिरत नाही.

भारताचीही स्थिती दुहेरी आहे. दरडोई पाहिले तर आपला धूर वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचा 14 टनांच्या आसपास. एकूण पाहिले तर चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा क्रमांक आपला. 2024 मध्ये बाकू येथे श्रीमंत देशांनी 2035 पर्यंत वर्षाला 30,000 कोटी डॉलर उभे करण्याचे मान्य केले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधींनी ही रक्कम अपुरी असल्याचे सांगत भर सभेत तीव्र आक्षेप घेतला. विकसनशील देशांची मागणी 1,30,000 कोटींची होती. आक्षेप रास्त होता. पण उद्या आपल्या वाट्याचाही हिशेब मागितला जाईल, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

विद्यार्थ्यांनी उचललेला प्रश्न

शिक्षक म्हणून आम्हाला या साऱ्यात एका घटनेचा विशेष आनंद वाटतो. 2019 मध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठातल्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी ठरवले की हा प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावा. वानुआतू सरकारने तो उचलून धरला. मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाचे मत मागवले. सुनावणीत भारतासह अनेक देशांनी, सध्याच्या करारांपलीकडे नवी बंधने नकोत, असे मांडले. 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले. हवामानाचे रक्षण करणे ही राज्यांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडल्यास परिस्थितीनुसार भरपाईही द्यावी लागू शकते, असा त्याचा आशय आहे.

हे सल्लामत आहे. त्याची अंमलबजावणी करायला कोणी पोलीस येणार नाही. तरीही 1991 मध्ये जी मागणी कोणी ऐकून घेतली नाही, तिला जगातल्या सर्वोच्च न्यायपीठाने कायद्याच्या भाषेत जागा दिली. पॅरिसमधल्या त्या एका वाक्याने दार लावून घेतले होते. ते आता किलकिले झाले आहे.

पुढच्या परिषदेची बातमी आली की पान उलटण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही मुलांना सांगतो आणि वाचकांनाही सुचवतो. जाहीर झालेला पैसा अनुदान आहे की कर्ज? तो नुसता कबूल केला आहे की जमा झाला आहे? आणि तो राजधानीत थांबणार की ज्याची वाडी गेली, होडी फुटली, गुरे वाहून गेली त्याच्या हातात पडणार? घरात मुलांसोबत बसून एवढे जरी तपासले, तरी बातमीतले निम्मे राजकारण आपोआप समजेल.