मत कोणाचें, जबाबदारी कोणाची?

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बार्शीटाकळी हें तालुक्याचें गांव आहे. शके १०९८ चा एक शिलालेख या गांवीं सांपडला असून, त्यांत हेमाद्रिदेव नांवाच्या राज्यकर्त्याचा निर्देश आहे. कांहीं सांगावयाचें तर त्या काळीं दगड हवा, टांकी हवी, पाथरवट हवा आणि आपलें नांव शेंकडों वर्षें त्या शब्दांना चिकटून राहील ही तयारी हवी. आज त्याच गांवचा मनुष्य चहाचा पेला एका हातांत धरून दुसऱ्या हाताच्या बोटानें एक मजकूर दोनशें लोकांकडे पाठवितो. तो मजकूर मूळ कोणीं लिहिला, कोणत्या सालचा, कोणत्या प्रांतांतला, हें पाठविणाराला ठाऊक नसतें; वाचणाराला तर नसतेंच. राजकारणावर मत देण्याचा अधिकार या मनुष्याला आहे काय, असला तर कोठपर्यंत, आणि त्याच्या शब्दांबद्दल जाब कोणीं द्यावयाचा, हे प्रश्न म्हणूनच दिल्ली-मुंबईपुरते राहिलेले नाहींत.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्वच्छ आहे. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानें भाषणाचें व विचारप्रकटनाचें स्वातंत्र्य दिलें आहे तें नागरिकाला. वृत्तपत्राचा तेथें निराळा उल्लेखच नाहीं. तो नजरचुकीनें राहून गेला असें मात्र नव्हे. घटनासमितींत १९४८ सालीं हा विषय निघाला, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं खुलासा केला कीं, वृत्तपत्र हा व्यक्तीनें आपलें म्हणणें मांडण्याचाच एक प्रकार होय. संपादक लिहितो तेव्हां तो नागरिकाचाच हक्क बजावीत असतो, सबब वेगळ्या कलमाचें प्रयोजन नाहीं. वृत्तपत्रांना उद्देशून केलेल्या या खुलाशाची दुसरी बाजू आज अधिक मोलाची ठरली आहे. संपादकाचा हक्क नागरिकाहून मोठा नाहीं, त्याअर्थीं नागरिकाचाही संपादकाहून लहान नाहीं. मुंबईच्या अग्रलेखकाला जें म्हणतां येतें, तें बार्शीटाकळीच्या कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यालाही म्हणतां येतें.

या हक्काची किंमत वऱ्हाडाला फार पूर्वींपासून ठाऊक आहे. 'केसरी'तील लेखांबद्दल १९०८ सालीं लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस धाडण्यांत आलें, तेव्हां त्यांच्या सुटकेची खटपट करण्यासाठीं अमरावतीचे दादासाहेब खापर्डे वकिली सोडून विलायतेस गेले होते. ज्या राजद्रोहाच्या कलमाखालीं ती शिक्षा झाली, तें १२४-अ हें कलम स्वातंत्र्यानंतरही पाऊणशें वर्षें टिकलें, याचें नवल वाटतें. सर्वोच्च न्यायालयानें मे २०२२ मध्यें त्याचा वापर थांबविला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर तें नांवानें तरी गेलें. संहितेचें १५२ वें कलम देशाची एकता व सार्वभौमत्व धोक्यांत आणणाऱ्या कृत्यांविषयीं आहे. त्यांत शब्दांचाही समावेश होतो, आणि त्याची व्याप्ति किती धरावयाची याविषयीं कायदेपंडितांत मतभेद आहेत.

बोलण्याच्या हक्कांत तें पोंचविण्याचाही हक्क येतो, हें ठरण्यास एक मराठी दैनिक कारण झालें. दैनिकानें किती पानें किती किंमतीस द्यावयाचीं याची सांगड सरकारनें १९६० सालीं एका आदेशानें घातली. पानें वाढवावयाचीं तर किंमत वाढवा, म्हणजे वाचक गमवा, असा तो पेंच होता. पुण्याच्या 'सकाळ'नें न्यायालयांत धांव घेतली, आणि १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो आदेश रद्द ठरविला. या प्रकरणांत वृत्तपत्राच्या मालकांबरोबर त्याच्या वाचकांनींही अर्ज केले होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. वस्तुतः ती मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

वृत्तपत्राचें हें संरक्षण मोबाइलवरील चार ओळींना मिळतें काय, याची कसोटी नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघरला लागली. शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीनें फेसबुकवर शंका व्यक्त केली. तिच्या मैत्रिणीनें त्या मजकुराला केवळ पसंती दर्शविली. पोलिसांनीं दोघींनाही अटक केली. माहिती-तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम त्यांना लावण्यांत आलें होतें. दुसऱ्यास त्रास किंवा गैरसोय होईल असा मजकूर पाठविणें हाही त्या कलमाखालीं गुन्हा होता. आणि त्रास कशास म्हणावें याची व्याख्या मात्र कोठेंच नव्हती. दिल्लीच्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीच्या अर्जावर २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम घटनाबाह्य ठरविलें. चर्चा करणें, एखाद्या मताचा पुरस्कार करणें आणि चिथावणी देणें या तीन पायऱ्या न्यायालयानें वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी कायद्यानें त्यांना हात लावावयाचा नाहीं. तिसऱ्या पायरीवरच त्याचें काम सुरू होतें. नवल असें कीं, मेलेलें हें कलम पुढेंही कित्येक ठाण्यांत वापरलें जात राहिलें, आणि त्याखालीं कोणावर खटला भरूं नये असें न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्यें पुन्हा बजावावें लागलें.

मर्यादा कोठें येते हें एका साध्या उदाहरणानें उमगेल. गांवच्या व्हॉट्सॲप-गटावर कोणीं लिहिलें कीं, 'रस्त्याची दशा लाजिरवाणी आहे, अशा पुढाऱ्याला पुन्हा निवडून देऊं नये,' तर तें मत झालें. पुढाऱ्याला तें झोंबेल. पण झोंबणें हा गुन्हा नव्हे. त्याच गृहस्थानें 'रस्त्याचे पैसे अमक्यानें खाल्ले' असें लिहिलें कीं तो मताच्या अंगणांतून वस्तुस्थितीच्या अंगणांत आला. आतां त्याच्यापाशीं आधार हवा. विधान खरें आणि लोकहिताचें असेल तर बदनामीच्या कायद्यांत, म्हणजे न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांत, त्याला अपवादाचा आश्रय आहे. नसेल तर नाहीं. आणि कोणा एका जमातीविरुद्ध लोकांना भडकविणारा मजकूर त्यानें पुढें ढकलला, तर 'मला आला तसा पाठविला' हा बचाव फारसा टिकत नाहीं.

ढकललेल्या मजकुराचें मोल किती भयंकर असतें हें महाराष्ट्रानें १ जुलै २०१८ रोजीं पाहिलें. मुलें पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती, आणि धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं भिक्षेसाठीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच माणसांना जमावानें ठार मारलें. अफवा हें कोणाचेंच मत नव्हतें. तिच्यावर कोणाची सही नव्हती. छापील कागदावर मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें असलीं पाहिजेत असा दंडक १८६७ च्या कायद्यानें घातला, तो इंग्रजांनीं आपल्या सोयीसाठीं घातला हें खरें; तथापि छापलेल्या बातमीला त्यामुळें एक दार राहत असे, जेथें जाऊन जाब विचारतां येई. ढकललेल्या मजकुराला तें दार नाहीं. व्हॉट्सॲपनें त्याच महिन्यांत एक मजकूर एका वेळीं पांचच ठिकाणीं पाठविण्याची मर्यादा भारतासाठीं जाहीर केली. तिनें वेग कमी होतो, नांव मात्र लागत नाहीं.

दार सांपडत नाहीं तेव्हां सांपडेल त्याला धरण्याचा मोह होतो. गटांतल्या कोणीं वावगें लिहिलें कीं गटाच्या चालकावर गुन्हा नोंदविला जाई, आणि गांवोगांवचे चालक धास्तावून जात. गोंदिया जिल्ह्यांतील अशाच एका प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें मार्च २०२१ मध्यें निर्णय दिला, आणि अकोला जिल्हाही त्याच खंडपीठाच्या कक्षेंत येतो. चालकाला सभासद घेण्याचा व काढण्याचा अधिकार असतो, परंतु कोण काय लिहिणार हें आधीं तपासण्याचें साधन त्याच्यापाशीं नसतें. सबब दोघांचा समान हेतु किंवा पूर्वनियोजित कट दिसत नसेल, तर एकाच्या लिखाणाचा दोष दुसऱ्यावर लादतां येत नाहीं, असें खंडपीठानें म्हटलें. हा निकाल न्याय्य आहे. निवेदकानें श्रोत्याच्या घरांतील भांडणाचा जाब द्यावा, असें कोणी म्हणत नाहीं.

सरकारपाशीं याहून मोठें एक हत्यार आहे, आणि अकोल्यानें त्याचा अनुभव घेतला आहे. मे २०२३ मध्यें समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून शहरांत दंगल उसळली, एका माणसाचा जीव गेला, जमावबंदी झाली आणि इंटरनेट बंद करण्यांत आलें. अफवेला आवरण्यास त्या घटकेला दुसरा उपाय कोणता, असें अधिकारी विचारतात, आणि त्यांचें म्हणणें सर्वस्वी खोटें नाहीं. पण सेवा बंद झाली कीं जिल्ह्याच्या बाजाराशीं बांधलेल्या गांवांचाही खोळंबा होतो. तुरीचा भाव कळत नाहीं, दुकानांतला पैसा मोबाइलवरून जमा होत नाहीं, आणि उधारीची वही पुन्हा काढावी लागते. ज्यानें एक अक्षरही लिहिलेलें नाहीं त्याचेंही तोंड आणि गल्ला दोन्ही एका आदेशानें बंद होतात. जानेवारी २०२० मध्यें काश्मीरसंबंधींच्या अनुराधा भसीन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, इंटरनेटवरून मत मांडणें आणि त्यावरून व्यापार करणें या दोन्ही गोष्टींना घटनेचें संरक्षण आहे. बंदी बेमुदत असूं नये, प्रसंगाच्या मानानें ती अधिक कडक नसावी, आणि तिचा आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे. २०२४ च्या नव्या नियमांनीं एका आदेशाची मुदत पंधरा दिवसांच्या आंत ठेवली आहे. कारणें लिहिलेला तो आदेश दाखवा, असें बार्शीटाकळीचा दुकानदार आतां विचारूं शकतो, आणि उत्तर न पटल्यास नागपूरला दाद मागूं शकतो.