उभ्या गाडीचा गंज

गोसीखुर्दचं धरण, वैनगंगेचं पात्र आणि पवनीचं जंगल, या तिघांच्या मध्ये आमचं गॅरेज. धान निसवायला लागलं, की आमची सुगी सुरू होते. पावसाळाभर बंद असलेली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याची सफारी ऑक्टोबर लागला की उघडते आणि त्याआधी महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या जिप्सी दारात येतात. रोवणीच्या घाईत छपरीत ढकलून ठेवलेल्या घरच्या गाड्याही तेव्हाच बाहेर निघतात. तक्रार बहुतेकांची एकच असते : ब्रेक. सप्टेंबरअखेरचा आमचा दिवस असा जातो.

सकाळी 7
शटर वर करायच्या आधीच फोन येतो. ‘‘भाऊ, चाकाच्या आत सारा गंज दिसून राहिला जी. काल तर काही नव्हता!’’ रात्री सर पडून गेलेली असते. गाडीच्या ब्रेकची डिस्क बीडाची असते. बीड उष्णता चांगली पचवतं, त्यातल्या ग्राफाइटमुळे आवाज कमी करतं आणि स्वस्तही पडतं. पण ज्या पृष्ठभागावर पॅड घासायचा, तिथे रंग लावता येत नाही. उघड्या लोखंडाला दमट हवेची एक रात्र पुरते. मी सांगतो, रस्ता मोकळा बघून चार-पाच वेळा ब्रेक मारा आणि मग बघा. तांबूस थर पॅडच घासून काढतो. पुन्हा फोन आला नाही, तर डिस्क ठीक आहे.

याच माणसाच्या मोटरसायकलची डिस्क मात्र लखलखीत असते, म्हणून त्याचा संशय काही जात नाही. ती डिस्क स्टेनलेस पोलादाची असते, एवढाच फरक.

8.30
पहिली गाडी टोचण करून आणलेली. आषाढात हँडब्रेक ओढून उभी केली, ती आता जागची हलेना. मागच्या ड्रमला लायनर गंजाने धरून बसले आहेत. अशा वेळी लोक ॲक्सिलरेटर दाबून जोर लावतात आणि लायनरचं अस्तर उपटून येतं. आम्ही चाक काढून ड्रमवर कडेने हळूहळू हातोडी ठोकतो. ‘टक’ असा आवाज येतो आणि ड्रम मोकळा होतो. आतली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, हा आमच्याकडचा नियम. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्यानेच पुसायचं.

10
जिप्सी जॅकवर घेतली. खाली स्टँड लावल्याशिवाय पोऱ्याला हात घालू देत नाही. पुढचं चाक निघालं. डिस्कची बाहेरची बाजू बरी दिसते. मालक खूश. मी कॅलिपर सोडवून आतली बाजू टॉर्चने दाखवतो. तिथे पॅडच्या आकाराचा काळपट ठसा उमटलेला, भोवती गंजाची खरखरीत कड आणि मध्ये नखाला लागतील असे खड्डे. पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये ओल अडकून राहिली, की असा ठसा पडतो. वरवरचा गंज घासून जातो, खड्डे जात नाहीत. ते नव्या पॅडलाही कानशीसारखे खातात.

आतली बाजूच जास्त का खराब झाली, याचं उत्तर कॅलिपरच्या गाइड पिनमध्ये मिळतं. रबरी टोपी फाटली, पाणी शिरलं, पिन जाम झाली. मग कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड एकटाच काम करतो आणि एकटाच झिजतो. अशा वेळी नुसता पॅड बदलून भागत नाही. पिन साफ करून ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावावं लागतं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

11.30
आता माप. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर ‘मिन. टीएच.’ असा ठसा आणि मिलिमीटरचा आकडा असतो. त्याच्या खाली जाडी गेली, की डिस्क भंगारात. नव्या डिस्कची जाडी आणि हा आकडा यांत पुष्कळ गाड्यांमध्ये दोनेक मिलिमीटरचंच अंतर असतं. व्हर्नियर लावायची सवय घातक. बाहेरच्या न झिजलेल्या कडेवर तो टेकतो आणि झिजलेली डिस्कही जाड दाखवतो. म्हणून मायक्रोमीटर, तोही कडेपासून आत, डिस्क फिरवत सात-आठ ठिकाणी. पातळ डिस्क उतारावर लवकर तापते आणि तिला तडा जाण्याचा धोका वाढतो. ग्राहक विचारतात, ‘‘काहून बदलता, अजून दिसते तर चांगली?’’ मी मायक्रोमीटर त्यांच्याच हातात देतो.

दुपारी 1
जेवायला बसणार तेवढ्यात भंडाऱ्याची एक गाडी. ‘‘ब्रेक मारला का पायाला धक्के बसतात. डिस्क वाकडी झाली म्हणतात.’’ डिस्क वाकणं लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. बहुतेक वेळा तिची जाडी ठिकठिकाणी कमी-जास्त झालेली असते. त्याचं मूळ पुष्कळदा हबवर सापडतं. मागे कोणीतरी हबवरच्या गंजाच्या पापुद्र्यावरच नवी डिस्क बसवलेली असते. ती केसभर डुलत फिरते, पॅडला दर फेऱ्यात एकाच जागी घासते आणि काही हजार किलोमीटरनंतर धक्के सुरू होतात. डायल गेजचा काटा डोलू लागला, की वादच मिटतो. चालण्याजोगा डोल मिलिमीटरचा दहावा भाग, कित्येक गाड्यांत त्याहूनही कमी.

3
नवी डिस्क बसवायची. हब वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत घासायचा. डिस्कवरचं कंपनीचं संरक्षक तेल पुसायचं. दोन्ही बाजूंची डिस्क जोडीनेच बदलायची आणि तिच्याबरोबर पॅडही नवेच. जाडी शिल्लक असेल तर लेथवर डिस्क साफ करून चालते. पण कापून झाल्यावर ती किमान मापाच्या वर राहिली पाहिजे. चाकाचे नट समोरासमोर, टॉर्क रेंचने आवळायचे, नाहीतर सरळ डिस्कही ताणली जाते.

4.30
धरण बघून परतणारी नागपूरची इलेक्ट्रिक गाडी. ब्रेक कुरकुरतात. या गाड्या वेग कमी करताना मोटरनेच वीज परत बॅटरीत भरतात, त्यामुळे डिस्कला काम कमी आणि गंज जास्त.  

तिच्यामागे पाण्यातून गेलेली एक व्हॅन. 2020च्या ऑगस्टअखेरीस गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडले आणि खालच्या पवनीत पाणी शिरलं, त्या पुरानंतर इथल्या लोकांना एवढं कळलं, की बुडालेली गाडी नुसती धुऊन भागत नाही. डिस्कच्या मधल्या हवेच्या खाचांत गाळ बसतो, तो काढावाच लागतो. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलीही ओल शोषतं. ओल शोषलेलं ऑइल तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. एरवी दोन वर्षांनी बदलतात. पुरातून आलेल्या गाडीचं लगेच.

6
जिप्सीची ट्रायल, धरणाकडच्या मोकळ्या रस्त्यावर. पन्नासच्या वेगावरून पंधरा-वीसपर्यंत सावकाश ब्रेक, मग थोडं अंतर वाऱ्यावर आणि पुन्हा तेच. तापलेल्या डिस्कवर पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवायचं नाही, नाहीतर पॅडचा मसाला एकाच जागी चिकटतो. परतल्यावर गरम डिस्कवर पाण्याचा पाइप मारायचा नाही.

7.30
गाडी देताना मालकाला सांगणं एकच : ब्रेक चालण्याने झिजतो, त्याचं माप घेता येतं. उभं राहण्याने तो सडतो आणि ते चाक काढल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा वीस मिनिटं गाडी फिरवा. धुतल्यावर ब्रेक सुकवूनच गाडी उभी करा. बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि हँडब्रेक सोडा. आणि कोणताही मेकॅनिक, अगदी मीसुद्धा, डिस्क बदला म्हणालो, तर आधी माप दाखवा म्हणा.