कागदात राहून गेलेलं पदक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता करतो, पण आमच्या मोहल्ल्यात माझी ओळख ‘अर्ज लिहून देणारे भाऊ’ अशीच आहे. बी.ए. झालो, चार कविता छापून आल्या, म्हणजे या माणसाला कागदाची भाषा कळत असणार, असा लोकांचा समज. माझं घर जळगावात आणि सासुरवाडी धुळ्याची. त्यामुळे दोन्हीकडचे कागद माझ्याकडे येतात.

असेच एक बाबा धुळ्याला मला भेटायला आले. साक्री तालुक्यातले, ऐंशीच्या घरातले. सोबत पत्र्याची पेटी. पेटीत कापडात गुंडाळलेलं फौजेचं डिस्चार्ज बुक. ते माझ्या हातात देत बाबा अहिराणीत म्हणाले, “भाऊ, मी लढाईमा व्हतू, पन कागदमा नही.”

मी पुस्तक उघडलं. भरती १९६६ची, सुटका १९७४ची. पदकांच्या रकान्यात एकच नाव होतं, ‘संग्राम पदक’. बाबांचं म्हणणं, आपल्या पलटणीतल्या इतरांना आणखी पदकं मिळाली, आपली राहून गेली. “पैसे नकोत. नातवाला दाखवायला कागद पाहिजे,” इतकंच त्यांचं मागणं.

या अर्जाच्या निमित्तानं मी जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. कारण खान्देशातल्या कितीतरी घरांत अशा पेट्या आहेत.

आधी एक फरक समजून घेऊ. फौजेतली पदकं ढोबळमानानं दोन प्रकारची. एक शौर्याची: परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना पदक वगैरे. ती त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या शिफारशीवर मिळतात आणि भारताच्या राजपत्रात जाहीर होतात. पन्नास वर्षांनी अर्ज करून ती मागता येत नाहीत. राजपत्रात नाव असूनही सेवापुस्तकात ते उतरलं नसेल, तर मात्र दुरुस्ती मागता येते.

दुसरा प्रकार सेवापदकांचा. ही निकषावर मिळतात. अमुक काळात, अमुक ठिकाणी तुम्ही सेवेत होता का, एवढाच प्रश्न. १९६५च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, १९७१साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक, नऊ आणि वीस वर्षांच्या सेवेची दीर्घ सेवा पदकं, ही सगळी यात येतात. यातलं सर्वात सोपं पदक कोणतं? स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो सेवेत होता, त्याचा त्यावर हक्क. तसंच सुवर्णमहोत्सवाचं पदक १५ ऑगस्ट १९९७ रोजी सेवेत असलेल्यांसाठी. आता बाबांच्या तारखा पाहा. १९६६ ते १९७४. म्हणजे १९७२च्या पदकाचा पुरावा त्यांच्याच पुस्तकात होता, आणि त्याच पुस्तकात पदकाची नोंद नव्हती.

असं होतं कसं? युद्धाची पदकं युद्ध संपल्यावर स्थापन होतात. मग निकष ठरतात. मग प्रत्येक युनिट पात्र जवानांच्या याद्या करतं आणि ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाचा आदेश काढून रेकॉर्ड ऑफिसला कळवतं. तो आदेश निघाला की जवानाच्या सेवापत्रकात ओळ चढते. धातूचं पदक हातात पडायला आणखी वर्षं जातात. दरम्यान जवानाची बदली झालेली असते, तो इस्पितळात असतो किंवा सुटून गावी कापूस वेचत असतो. यादी करणाऱ्या कारकुनासमोर जो नाही, तो यादीतही नाही. यात कुणाचा दुष्टावा असतोच असं नाही, पण ओळ राहते ती राहतेच.

आता अर्जाचं सांगतो. अर्ज जातो आपापल्या रेकॉर्ड ऑफिसकडे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, ईएमईचं सिकंदराबादला. पत्ता सापडत नसेल, अर्ज लिहिता येत नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जळगावला आहे, धुळ्यालाही आहे. त्यांच्यामार्फत गेलेला अर्ज वाटेत हरवण्याची भीती कमी.

अर्जात कहाणी नको. मी कवी असून हे सांगतो आहे! आर्मी नंबर, सुटकेच्या वेळचा हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका, भरतीची आणि सुटकेची तारीख, कोणकोणत्या युनिटमध्ये कधी होतो, कोणतं पदक राहिलं आणि कोणत्या निकषावर ते मागतो, एवढंच. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांच्या झेरॉक्स प्रती. मूळ पुस्तक कधीही टपालानं पाठवू नका. अर्जाची एक प्रत आणि टपालाची पावती जपून ठेवा. जवान हयात नसेल तर पत्नीला अर्ज करता येतो, मात्र तिचं नाव रेकॉर्डवर असायला हवं.

इथेच मोठी ठेच लागते ती नावाची. माझ्या मामूंच्या नावातला ‘शेख’ शाळेच्या दाखल्यात आधी, फौजेच्या कागदात शेवटी आणि आधार कार्डावर गायब. रावेर-यावलकडच्या तडवी बांधवांचे कागदही मी पाहिले आहेत. भरतीच्या कारकुनानं इंग्रजीत जे ऐकलं ते लिहिलं. म्हणून अर्जात नाव फौजेच्या कागदात जसं आहे अगदी तसंच लिहा, चुकलेलं असलं तरी. नावाची दुरुस्ती हा वेगळा अर्ज, त्याला प्रतिज्ञापत्र वगैरे वेगळे कागद. दोन्ही एकत्र कराल तर दोन्ही अडकतील.

आता घाई का करायची, ते सांगतो. निवृत्तिवेतनाशिवाय बाहेर पडलेल्या जवानाची सविस्तर सेवापत्रकं पंचवीस वर्षांनंतर नियमानुसार नष्ट केली जातात. ‘लाँग रोल’ ही नोंदवही तेवढी कायम ठेवतात. बाबा १९७४ला पेन्शनशिवाय सुटले. त्यांची पत्रकं जाऊनही किती वर्षं झाली! अशा वेळी घरातल्या पेटीतलं पुस्तक हाच मोठा आधार ठरतो. माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपये फी भरून आपल्या लाँग रोलच्या नोंदीची प्रमाणित प्रत मागता येते. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

तिथंही दाद लागली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७च्या कायद्यानं ते आलं, त्याचं एक पीठ मुंबईला आहे. अंतिम नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत तिथं जावं लागतं. कागद दुरुस्त करून घेण्यासाठी मोठ्या अधिकाऱ्यांनाही हा दरवाजा ठोठावावा लागला आहे. १९९९च्या कारगिल युद्धात बटालिक भागात ७० इन्फंट्री ब्रिगेडचं नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग आपल्या कामगिरीच्या नोंदी चुकीच्या झाल्या म्हणून तिथं गेले, आणि २०१० मध्ये दिल्लीच्या पीठानं त्या दुरुस्त करायला सांगितलं. ब्रिगेडियरला अकरा वर्षं लागली, तर साक्रीच्या शिपायाला धीर धरायलाच हवा.

कुणी विचारेल, सेवापदकाला पैसे मिळतात का? नाही. पण युद्धातल्या नोंदी कोऱ्या राहिल्या तर नुकसान होऊ शकतं. लढाईत जखम झाली आणि ती लढाईतली म्हणून नोंदली गेली नाही, तर युद्धजखमेचं वाढीव निवृत्तिवेतन हुकतं. म्हणून पदकाचा रकाना तपासताना जखमेचा, पत्नीच्या नावाचा, जन्मतारखेचा रकानाही तपासा.

आणि पैशापलीकडेही काही असतंच. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पद्मश्री २०१८ला आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ला मिळाला. तो खेळातला सन्मान, फौजेचं पदक नव्हे. पण उशिरा आलेल्या सन्मानाचीही माणूस वाट पाहतो, हे त्यातून कळतं.

बाबांचं काय झालं? पत्रं गेली, स्मरणपत्रं गेली. एका पत्राचं उत्तर दुसऱ्याच माणसाच्या नावानं आलं! अखेर पंचविसाव्या वर्षाच्या पदकाची नोंद झाल्याचं पत्र आलं. स्टारचं मात्र अडलं आहे. त्या दिवसांत ते नेमके कोणत्या ठिकाणी होते, हे सिद्ध करणारा कागद अजून मिळालेला नाही. मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. बाबा म्हणाले, “एक ओळ तर वाढली.” ते पत्र त्यांनी डिस्चार्ज बुकात घडी घालून ठेवलं.

आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ला देह ठेवला. जुन्या कागदांसाठी त्यांनी आयुष्यभर गावं पालथी घातली, आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात ती दप्तरं आजही जपली जातात. आपल्या घरातलं दप्तर तर आपल्याच माळ्यावर आहे. आज सुट्टीच आहे. ती पेटी खाली काढा, पुस्तक उघडा, पदकांचा रकाना वाचा. घरातला जवान हयात असेल तर त्याच्या शेजारी बसून वाचा. कोणती ओळ राहिली आहे, ते त्यालाच ठाऊक असतं.