चाळीस वारांवरची परीक्षा

पेरू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फळ येते. पोर्तुगीज माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र एक मोठा, काळसर, लाल गळ्याचा पक्षी उभा राहतो. इंग्रज त्यालाच टर्की म्हणतात, आणि गंमत अशी की खुद्द तुर्कस्तानात त्याचे नाव आहे ‘हिंदी’! ज्याने त्याने हा पाहुणा दुसऱ्याच मुलखातला मानला. वास्तविक त्याचे माहेर अमेरिका. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंबरोबर तो जहांगीर बादशहापुढे आला आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. एवढीच काय ती त्याची आपली जुनी ओळख.

अमेरिकेत हा पक्षी आजही रानात आहे आणि दर वसंतात लाखो लोक त्याच्या शिकारीला निघतात. ही शिकार धावपळीची नाही. पहाट होण्याआधी शिकारी झाडाच्या बुंध्याला टेकून बसतो. अंगावर पानाफुलांच्या रंगाचे कपडे, तोंडावर जाळी. मग तो मादीचा आवाज काढतो. निसर्गाच्या रीतीने नराने हाक द्यायची आणि मादीने त्याच्याकडे जायचे. इथे नरालाच यायला लावायचे असते. म्हणून तो बिचकत, थांबत, चोहीकडे पाहत येतो. त्याची नजर इतकी तीक्ष्ण, की बोट हलले तरी तो पसार होतो.

तासभराच्या या तपश्चर्येचा निकाल एका क्षणात लागतो. पण त्या क्षणाची खरी तयारी झालेली असते काही आठवडे आधी, एका कोऱ्या कागदासमोर!

टर्कीचा नर सात ते अकरा किलोंचा असतो. छातीवर मांसाचा जाड थर, त्यावर दाट पिसे. बारीक छर्रे तिथे लागले तर पक्षी पडत नाही. जखमी होऊन झाडीत शिरतो आणि कुठेतरी झुरत मरतो. म्हणून नेम धरायचा तो डोक्यावर आणि मानेवर. मेंदू आणि मानेचे मणके एवढेच काय ते लक्ष्य. त्या चिंचोळ्या जागेत एकाच वेळी अनेक छर्रे पोचले, तर पक्ष्याला कळण्याआधीच सारे संपते.

छर्ऱ्याच्या बंदुकीतून एक गोळी सुटत नाही, शेकडो छर्ऱ्यांचा थवा सुटतो. पुढे जाताना तो पसरतो. या पसरण्यालाच शिकारी ‘पॅटर्न’ म्हणतात. तो आवरण्यासाठी नळीचे तोंड किंचित अरुंद केलेले असते. त्याला म्हणतात चोक. बागेतल्या पाण्याच्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबावे, तसाच काहीसा प्रकार. बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या बंदूककाराने १८७० च्या दशकात ही विद्या पक्की केली आणि १८७५ च्या लंडनमधील जाहीर चाचण्यांत त्याच्या बंदुकांनी भल्याभल्यांना मागे टाकले.

चोकची प्रत ठरवण्याची जुनी रीत अशी : चाळीस वारांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, कागद लावायचा, बार टाकायचा आणि तीस इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडले ते मोजायचे. चोकच नसेल तर शंभरातले चाळीस, पूर्ण चोक असेल तर सत्तर. टर्कीच्या शिकाऱ्याला मात्र एवढ्यावर भागत नाही. त्याचे वर्तुळ दहाच इंचांचे. त्यात शंभर छिद्रे पडली पाहिजेत, असा त्याचा ठोकताळा.

आता वाटेल, मग नळीचे तोंड अरुंद करत जावे की झाले! इथेच ही विद्या अवघड होते. शिसे मऊ. बार उडताना मागून बसणाऱ्या धक्क्याने काही छर्रे चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. चोक फाजील अरुंद केला तर छर्रे आणखी चिरडतात आणि थवा गोळा होण्याऐवजी फाटतो. त्यावर उपाय म्हणून शिशात अँटिमनी मिसळून ते कठीण करतात, छर्ऱ्यांना तांब्याचा मुलामा देतात, त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकची भुकटी भरतात. तरीही दोन सारख्या दिसणाऱ्या बंदुका एकाच काडतुसाला सारखी दाद देतीलच असे नाही. म्हणून काडतुसे बदलून, चोक बदलून, कागदामागून कागद लावून छिद्रे मोजत बसावे लागते. कधी कधी कागद सांगतो, की थवा दाट आहे, पण नेमाच्या चार इंच डावीकडे पडतो आहे. ही गोष्ट रानात कळण्यापेक्षा कागदावर कळलेली बरी.

अलीकडे टंगस्टनचे छर्रे आले. शिशाची घनता ११.३, तर यांची सुमारे १८. त्यामुळे दोन मिलिमीटरचा टंगस्टनचा दाणा त्याहून मोठ्या, सहा नंबरच्या शिशाच्या दाण्यापेक्षा खोल जातो. दाणा लहान म्हणून तेवढ्याच वजनात संख्या कितीतरी जास्त. पावणेदोन औंसांत सहा नंबरचे शिशाचे दाणे चारशेच्या आत, तर टंगस्टनचे हे बारीक दाणे सहाशेच्या वर. काडतूस महाग, पण कागदावरचे वर्तुळ चाळणीसारखे होते.

आणि इथेच मोहाची सुरुवात होते. चाळीस वारांवर एवढा दाट थवा पडतो, तर साठवर का नाही? दूरचा पक्षी टिपता येईल अशा काडतुसांच्या जाहिराती होतात, आणि जवळ बोलावण्याची कला मागे पडते. जाणते शिकारी यावर नाराज आहेत. त्यांचे म्हणणे असे, की पॅटर्न सुधारायचा तो पक्ष्याच्या यातना टाळण्यासाठी, अंतर वाढवण्यासाठी नव्हे. शिवाय दाट थव्याला दुसरी बाजू आहेच. दहा-बारा वारांवर तो जेमतेम मुठीएवढा असतो. मान जरा हलली की सगळेच्या सगळे छर्रे बाजूने निघून जातात.

या सावधपणामागे इतिहास आहे. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक राज्यांतून हा पक्षी नाहीसा झाला होता. १९३७ साली अमेरिकेने पिटमन-रॉबर्टसन कायदा केला. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरचा अकरा टक्के कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. मग १९५० च्या दशकापासून तोफेसारख्या नळकांड्यांनी जाळी उडवून रानटी पक्षी पकडायचे आणि ओसाड रानांत नेऊन सोडायचे, असा उद्योग झाला. तो फळला. आज टर्कींची संख्या साठ लाखांच्या घरात आहे. म्हणजे कागदावर परीक्षा म्हणून उडवलेल्या प्रत्येक काडतुसानेही पक्ष्याच्या पुनर्वसनाला चार पैसे दिले!

परंतु दक्षिणेकडील काही राज्यांत अलीकडे संख्या पुन्हा घटू लागली आहे. तिथे हंगाम उशिरा सुरू करणे, शिकारीची मर्यादा कमी करणे असे उपाय योजले जात आहेत.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट बंद केली, आणि ते योग्यच झाले. अमेरिकेने दुसरी वाट धरली. मारणाऱ्याकडूनच राखण्याचा खर्च घ्यायचा, ही कल्पना अनेकांना पटणार नाही. मात्र ज्याला मारण्याची परवानगी आहे, त्याच्यावर नीट मारण्याची जबाबदारीही आहे, एवढे तरी मान्य व्हावे. ती जबाबदारी कायदा मोजू शकत नाही. पहाटेच्या रानात पंच नसतो, साक्षीदार नसतो. साठ वारांवरचा पक्षी सोडून द्यायचा की नाही, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते.