अंथरूण ओलें करणारें मूल

सकाळीं चाळीच्या गॅलरींत लहानशी गोधडी वाळत पडली कीं शेजारच्या घरांत तिचा अर्थ बिनचूक कळतो. ती गोधडी ज्याची, तें सहा-सात वर्षांचें मूल त्या दिवशीं खालीं खेळावयास उतरत नाहीं. सुट्टींत मामाकडे जाण्याचा विषय निघाला म्हणजे त्याचें पोट दुखूं लागतें. आईचा वैताग, वडिलांचा धाक आणि भावंडांची चेष्टा ह्या तिन्हींच्या कचाट्यांत तें सांपडलेलें असतें. आणि त्याचा अपराध कोणता, तर झोंपेंत, त्याच्या नकळत, एक शारीरिक क्रिया घडून गेली, एवढाच.

मूल हें मुद्दाम करीत नाहीं, आळसानें तर नाहींच नाहीं, ही ह्या बाबतींतील पहिली गोष्ट होय. बहुतेक मुलें दोन ते चार वर्षांच्या दरम्यान दिवसां लघवीवर ताबा मिळवितात. रात्रीचा ताबा त्यामागून येतो, व त्याची वेळ प्रत्येक मुलाची निराळी असते. पांचव्या वर्षीं शंभरांतील सुमारें १५ मुलें अंथरूण ओलें करीत असतात. त्यांत मुलींपेक्षां मुलगे अधिक. पुढें दरवर्षीं त्यांपैकीं सुमारें १५ टक्के मुलें कोणताहि उपचार न करतां कोरडीं राहूं लागतात. म्हणून पांच वर्षांच्या आंतील मुलाविषयीं काळजी करण्याचें सहसा कारण नसतें.

असें कां होतें? मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका ग्रंथींतून व्हॅसोप्रेसिन नांवाचा रस रक्तांत मिसळतो. रात्रीं त्याचें प्रमाण वाढतें, त्यामुळें मूत्रपिंडें लघवी कमी तयार करतात. कांहीं मुलांत ही रात्रीची वाढ उशिरां सुरू होते. दुसरें कारण मूत्राशयाचें. मुलाच्या वयांत एक मिळवून तीसनें गुणिलें असतां मूत्राशयांत मावणाऱ्या लघवीचा अंदाज मिलिलिटरांत येतो. सहा वर्षांच्या मुलाचा तो सुमारें २१० होतो. कांहींचें मूत्राशय ह्याहून कमी धरतें. तिसरें कारण असें कीं, मूत्राशय भरल्याची वर्दी मेंदूकडे जाते, परंतु मूल जागें होत नाहीं. ह्या तिन्हींत आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. आई व वडील दोघांनाहि लहानपणीं हा त्रास असेल, तर दर चार मुलांपैकीं सुमारें तिघांना तो होतो.

बद्धकोष्ठ हें एक दुर्लक्षित कारण. मळानें फुगलेलें आंतडें मूत्राशयावर दाब आणतें; तें साफ राहूं लागतांच पुष्कळ मुलांच्या रात्रीहि सुधारतात.

घरांत करावयाचे उपाय साधे आहेत. दिवसभर पाणी भरपूर द्यावें. शाळेंत न पितां संध्याकाळीं तहान भागविण्याची संवय मोडावी. निजण्यापूर्वीं तासभर पाणी बेताचें असावें, आणि संध्याकाळीं चहा, कॉफी किंवा कोला मुळींच नसावा. अंथरुणावर पडण्यापूर्वीं लघवीस जाण्याचा नेम ठेवावा. संडास दूर असेल, वाटेंत अंधार असेल, तर मूल जागें होऊनहि भयानें उठत नाहीं. तेव्हां मंद दिवा ठेवावा, किंवा खोलींतच एक भांडें ठेवावें. गादीवर मेणकापड घालून वर चादर घातली कीं आईचा निम्मा त्रास वांचतो, आणि त्रास वांचला कीं रागहि वांचतो. मध्यरात्रीं झोंपेंतील मुलाला उचलून नेल्यानें चादर कोरडी राहते खरी, परंतु मुलाला जागें होण्याचें शिक्षण त्यांतून मिळत नाहीं. शाबासकी द्यावयाची ती निजण्यापूर्वीं न विसरतां लघवीस गेल्याबद्दल द्यावी. कोरड्या रात्रीबद्दल नव्हे, कारण ती त्याच्या हातची गोष्ट नाहीं.

सातव्या वर्षानंतरहि त्रास चालू राहिला व मुलास त्याचें दुःख होऊं लागलें, तर घंटेचें यंत्र उपयोगी पडतें. ओलावा लागतांच घंटा वाजते व मूल जागें होतें. १९०४ मध्यें फाउंडलर ह्या बालवैद्यानें परिचारिकांना सूचना मिळावी म्हणून असें साधन वापरलें, तों मुलेंच कोरडीं राहूं लागलेलीं आढळलीं. १९३८ मध्यें अमेरिकेंत मौरर दांपत्यानें ही उपचारपद्धति शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली. आजहि तीन मुलांपैकीं सुमारें दोघांस तिचा गुण येतो. मात्र दोन-तीन महिने धीर हवा, आणि पहिल्या आठवड्यांत घंटेनें घर जागें होतें, पण मूल होत नाहीं. तेव्हां मोठ्यांनीं उठून त्याला उठवावें लागतें. डेस्मोप्रेसिन हें औषध रात्रीची लघवी कमी करतें. प्रवासाच्या किंवा लग्नघरच्या मुक्कामास तें सोयीचें पडतें. परंतु तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच द्यावें, आणि दिल्यानंतर रात्रीं पाणी फार पिऊं देऊं नये. तसें केल्यास रक्तांतील सोडियम घटून धोका संभवतो.

सहा महिने कोरडें राहिलेलें मूल पुन्हां अंथरूण ओलें करूं लागलें, लघवीच्या वेळीं जळजळ किंवा ताप असला, दिवसांहि कपडे ओले होऊं लागले, किंवा मूल रात्रीं मोठ्यानें घोरूं लागलें, तर डॉक्टरांना दाखवावें. अतिशय तहान, वारंवार लघवी व घटणारें वजन हीं मधुमेहाचीं चिन्हें असूं शकतात; तेव्हां त्याच दिवशीं जावें.

मारानें, उपाशी ठेवण्यानें किंवा पाहुण्यांपुढें बोलून दाखविण्यानें आजवर कोणतेंहि मूत्राशय मोठें झालेलें नाहीं. मुलाचें मन मात्र त्यानें लहान होतें. ज्या वडिलांना स्वतःचें बालपण आठवतें, त्यांनीं एके रात्रीं मुलाजवळ बसून, “मलाहि असेंच होत असे, आणि तें गेलें,” एवढें सांगावें. अंथरूण त्या रात्रीं कदाचित् ओलेंच होईल; पण सकाळीं डोळे उघडण्याचें भय त्या मुलाला उरणार नाहीं.