मैलापाण्यावर पोसलेले मासे

मोठ्या शहरातल्या लाखो घरांमधून रोज केवढं सांडपाणी बाहेर पडत असेल! मोरीचं, संडासाचं, भांडी घासल्याचं, सगळं एकत्र. ते गटारात गेलं की आपण नाक धरतो आणि विसरून जातो. ध्रुवज्योती घोष मात्र त्या गटाराच्या मागोमाग चालत निघाले!

घोषबाबू कोलकात्याचे. पश्चिम बंगाल सरकारमध्ये इंजिनिअर होते, शिवाय परिसरशास्त्रात त्यांनी पीएचडी केली होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यासमोर एक प्रश्न आला. एवढ्या मोठ्या शहराचं मैलापाणी साफ करणारी यंत्रं तर शहरात नाहीत, मग ते पाणी जातं कुठे आणि त्याचं होतं काय?

कोलकात्याच्या पश्चिमेला हुगळी नदी आहे, पण शहराचा उतार मात्र पूर्वेकडे. म्हणून सांडपाण्याचे कालवेही पूर्वेलाच काढलेले. घोषबाबू त्या काळ्या, वास मारणाऱ्या पाण्याच्या कडेकडेने गेले आणि शहराबाहेर पोहोचले, तर समोर तळीच तळी! पाणी हिरवं, वर पक्षी, कडेला भाताची आणि भाजीची शेतं, आणि तळ्यांत जाळी टाकून उभे असलेले मच्छीमार. घाण पाणी या तळ्यांत शिरत होतं, आणि तळ्यांतून निघत होते रोहू, कटला, मृगल असे ताजे फडफडीत मासे.

हे कसं काय बुवा?

तिथले लोक या तळ्यांना 'भेडी' म्हणतात. भेडी उथळ असते, त्यामुळे ऊन पाण्यात चांगलं खोलवर पोहोचतं. सारी किमया इथेच सुरू होते. मैल्यातली घाण खायला असंख्य जिवाणू टपलेलेच असतात. ते ती घाण फोडतात, पण त्यांना श्वासाला प्राणवायू लागतो. तो देतं कोण? पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. आणि जिवाणू घाण फोडून जी खतं आणि जो कर्बवायू मोकळा करतात, त्यावर शेवाळ वाढतं. शेजारणी एकमेकींकडे वाटीभर साखर, वाटीभर पीठ मागतात ना, तसा यांचा अखंड व्यवहार! रोग पसरवणारे बहुतेक जंतू या उन्हात आणि बदललेल्या पाण्यात तगच धरत नाहीत.

पण शेवाळाला आवर घालायला हवा. रात्री ऊन नसतं, तेव्हा शेवाळ स्वतःच प्राणवायू वापरू लागतं. ते फार माजलं तर पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. म्हणून भेडीत शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव खाणारे मासे सोडतात. शेवाळ आटोक्यात राहतं, मासे गुबगुबीत होतात.

हे सगळं आपोआप होत नाही बरं! हिवाळ्यात भेडी रिकामी करून तळ सुकवायचा, नांगरायचा. मग मैलापाणी आत घ्यायचं आणि काही दिवस नुसतं उन्हात ठेवायचं. अधूनमधून तळ ढवळायचा. मग आधी थोडेच मासे सोडून पाहायचे. ते जगले, तरच बाकीचे सोडायचे. पाणी किती आणि केव्हा घ्यायचं, हे मच्छीमार पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून ठरवतात. काठाला जलपर्णीचा पट्टा राखतात. त्याने लाटांपासून बांध वाचतो आणि पाण्यातले विषारी धातूही बरेचसे मुळांत शोषले जातात.

हे त्यांना शिकवलं कुणी? कुठल्याच कॉलेजने नाही. पूर्वी इथे बिद्याधरी नदीतून भरतीचं खारं पाणी यायचं. नदी गाळाने भरली, खारं पाणी आटलं, खाऱ्या पाण्यातले मासे गेले. शहराचं सांडपाणी मात्र येतच राहिलं. मग १९३०च्या आसपास भेडीवाल्यांनी त्याच पाण्यात मासे वाढवून पाहिले. पुढे चुकतमाकत, एकमेकांचं बघत ही विद्या पिकत गेली.

मला घोषबाबू फार मोठे वाटतात ते इथे. हातात इंजिनिअरची पदवी असताना ते मच्छीमारांना शिकवायला गेले नाहीत, शिकायला गेले. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जाऊन बसले, प्रश्न विचारले, पाण्याच्या तपासण्या केल्या आणि मच्छीमारांचं बरोबर आहे हे जगाला पटवून दिलं. या भागाचा नकाशा त्यांनी तयार केला, 'पूर्व कोलकाता पाणथळ' हे नावही त्यांनीच दिलं.

नकाशाची गरज होतीच, कारण शहर वाढत होतं आणि बिल्डरांची नजर या जमिनीवर होती. १९९२ मध्ये प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने पाणथळीला संरक्षण दिलं. २००२ मध्ये इथली १२,५०० हेक्टर जागा रामसर यादीत आली. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींची ही यादी. आपल्या नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वरही तिच्यात आहे. घोषबाबूंना १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'ग्लोबल ५००' सन्मान मिळाला. २०१८ च्या फेब्रुवारीत ते गेले. काठाकाठाने भराव टाकून घरं बांधण्याचे प्रयत्न आजही होतात, आणि एकदा बुजवलेली भेडी परत मिळत नाही.

सुट्टीत गावच्या तळ्यावर किंवा खाडीकाठी गेलात, तर तिथे जाळं टाकणाऱ्या काका-मावशींशी जरूर बोला. पाणी चांगलं की वाईट हे तुम्ही कशावरून ओळखता, असं त्यांना विचारा. ते जे सांगतील ते वहीत उतरवून काढा आणि आम्हाला पत्राने कळवा.