टंचाईचा नकाशा

सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरवरून जुंपली आणि मला ओहाय आठवलं.

ओहाय म्हणजे कॅलिफोर्नियातलं छोटं शहर. संत्र्यांच्या बागा, पर्यटक, आणि पाण्याची मोठी भिस्त कॅसिटास तलावावर. दुष्काळात तलाव आटत गेला. तेव्हा पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या टेरी अर्विन आणि सहकाऱ्यांनी तिथे 'ट्रान्झिशन डिझाइन'च्या, म्हणजे गुंतागुंतीचे सामाजिक प्रश्न मुळापासून बदलू पाहणाऱ्या डिझाइनच्या, कार्यशाळा घेतल्या.

मी स्वतः डिझायनर. आमचा हात आधी ॲप किंवा पोस्टरकडे जातो. ओहायला मात्र आधी भिंतीवर मोठा कागद लागला. टंचाईची सामाजिक, आर्थिक, राजकीय, पर्यावरणीय कारणं लिहून रेघांनी जोडली, टंचाईचा नकाशा तयार झाला.

मग मला सर्वांत मोलाची वाटणारी पायरी: पाण्याशी संबंध असलेल्या प्रत्येक गटाला कशाची भीती, कशाची आशा? दोन गटांचं कुठे जुळतं, कुठे फाटतं? उपाय बहुतेकदा इथेच अडतो.

मग बदल नेमका कुठे करायचा? व्यवस्थांच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांनी 1999 च्या लेखात व्यवस्था बदलण्याच्या 12 जागा सांगितल्या. पाणीपट्टीसारखे आकडे बदलणं त्यात सर्वांत दुबळं. व्यवस्थेचं उद्दिष्ट आणि त्यामागची विचारसरणी बदलणं कितीतरी प्रभावी.

असा नकाशा तुमच्या वॉर्डासाठी करायचाय? कुठे अडतंय ते कमेंटमध्ये विचारा, जमेल तेवढं सांगतो.